शिडी आणि पायरी



कीर्तनाची एक शिस्त आहे. निरूपणाला घेतलेल्या अभंगातला शब्द आधी सोडवायचा, त्याचा अर्थ श्रोत्यांपुढे ठेवायचा आणि मगच सिद्धान्ताकडे वळायचे. शब्द न सोडवता जो सिद्धान्ताकडे धावतो तो स्वतः फसतो आणि श्रोत्यांनाही फसवतो, असे आळंदीला आमचे गुरुजी सांगत. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही. गुडघे आणि आवाज दोन्ही थकले. पण शिस्त अंगवळणी पडलेली आहे, म्हणून या लेखातही तीच वाट धरतो.

शब्द आहे ‘प्लेटॉनिक प्रेम’. तो आपला नाही, पण आता आपल्या घरात येऊन राहिला आहे. नातवंडे तो बोलतात, मालिकांत तो ऐकू येतो, आणि अलीकडे आमच्या वयाची माणसेही तो वापरू लागली आहेत. वापरण्याची रीत बहुतेक एकच. एखाद्या स्त्री-पुरुषाच्या स्नेहाबद्दल कुणी वावगे बोलू लागले की दुसरा म्हणतो, “तसं काही नाही हो, त्यांचं प्लेटॉनिक आहे.” म्हणजे देहाचा संबंध नाही, काळजी नको. जणू पोलीस पाटलाने दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला!

या दाखल्याने काय नाही ते कळते; काय आहे ते कळत नाही. एकादशीचेच पाहा. एकादशी म्हणजे न जेवणे, एवढेच ज्याला ठाऊक त्याला एकादशी कळली असे आपण म्हणत नाही. उपवास या शब्दाचा अर्थच मुळी जवळ बसणे असा आहे. पोट रिकामे राहिले हे ठीक, पण मन कुणाजवळ जाऊन बसले? तसेच इथे विचारायला हवे. देह बाजूला राहिला, ठीक. मग तिथे उरले काय? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय त्या शब्दाचा उपयोग नाही. म्हणून तो जिथून आला तिथे आधी जाऊ.

माझे एक स्नेही तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांनी दोन पावसाळे माझ्याजवळ बसून प्लेटोचा मूळ संवाद मला मराठीत समजावून सांगितला. प्लेटो हा ग्रीस देशातल्या अथेन्स नगरीचा तत्त्वज्ञ, इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला. सॉक्रेटिस हा त्याचा गुरू. या संवादाचे नाव ‘सिम्पोझियम’, म्हणजे एकत्र बसून केलेले मद्यपान. वारकऱ्याने दचकू नये. त्या रात्री पाहुण्यांनी पिणे बेताचेच ठेवायचे ठरवले होते. अगाथॉन नावाच्या नाटककाराने नाट्यस्पर्धा जिंकली म्हणून त्याच्या घरी मेजवानी होती. ती इसवी सनापूर्वी ४१६ सालची मानतात. पाहुण्यांनी ठरवले, आज प्रत्येकाने प्रेमाची थोरवी सांगायची. एकेक जण बोलत गेला आणि सॉक्रेटिसची पाळी आली. तो म्हणाला, प्रेमाविषयी मला जे कळते ते मला एका स्त्रीने शिकवले. तिचे नाव दिओतिमा, गाव मँटिनिआ.

इथे मला मुक्ताई आठवली. चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेवांना अखेर एका लहान मुलीपुढे शिष्य होऊन बसावे लागले, अशी आपली परंपरा सांगते. ज्ञानाला वय नसते आणि लिंगही नसते, हे तिथेही कुणाला तरी उमगले होते तर!

दिओतिमेने सॉक्रेटिसला सांगितले की प्रेम हा देव नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये ये-जा करणारा तो एक दूत आहे. त्याची आई दारिद्र्य आणि बाप युक्तिवान. आईच्या वळणामुळे तो सदा गरजवंत. अनवाणी फिरतो, घर नाही, लोकांच्या दाराशी उघड्यावर झोपतो. बापाच्या वळणामुळे तो सुंदराचा माग काढत राहतो. मग ती पायऱ्या सांगते. माणूस आधी एका सुंदर देहावर लुब्ध होतो. मग त्याला कळते की हे सौंदर्य इतर देहांतही आहे. मग देहापेक्षा मनाचे सौंदर्य मोठे वाटू लागते. त्यापुढे चांगल्या आचारांचे आणि कायद्यांचे, त्यापुढे ज्ञानाचे, आणि सर्वांत वर ते सौंदर्य, जे उपजत नाही, मरत नाही, वाढत नाही, घटत नाही. तिथवर पोहोचलेला माणूस मग खरा सद्गुण जन्माला घालतो. त्या काळच्या अथेन्समध्ये हे बोलणे प्रौढ पुरुष आणि तरुण यांच्यातल्या प्रेमाला धरून चाललेले होते. आपण आज ज्या स्त्री-पुरुष स्नेहाला तो शब्द लावतो, त्याचा तिथे विषयच नव्हता.

‘प्लेटोचे प्रेम’ हा शब्द पुढे पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी रूढ झाला. मार्सिलिओ फिचिनो नावाच्या विद्वानाने प्लेटोचे सगळे संवाद लॅटिन भाषेत आणले. ते १४८४ साली छापले गेले. त्याच्या मते दोन माणसांचे प्रेम म्हणजे दोघांनी मिळून ईश्वराकडे जाणे. आणखी दीडशे वर्षांनी हा शब्द इंग्लंडच्या राजदरबारात पोहोचला तेव्हा तिथे त्याची फॅशन झाली, इतकी की त्याची थट्टा करणारे एक नाटक १६३६ साली छापून निघाले. ईश्वराकडे जाणे गळून पडले, देह टाळणे तेवढे उरले. आपल्याकडे जो शब्द आला तो हा उरलेला.

तर मूळ अर्थ असा: प्रेम एका माणसावर जडते, पण तिथे अडकून न पडता वर चढते. सज्जनहो, आपण कबूल केले पाहिजे की हे वारकऱ्याला परके नाही. नामदेवरायांचेच पाहा. त्यांचा सगळा जीव पंढरीच्या एका सगुण मूर्तीत. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. रुसलेले नामदेव देवाकडे गेले. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे पिंडी नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी! एका ठिकाणचा देव सगळीकडे दिसू लागला. दिओतिमेची शिडी आणि विसोबांचे पाय एकच गोष्ट सांगतात: जे एकात दिसले ते सर्वांत आहे.

इथपर्यंत प्लेटोचे आणि आपले जमते. आता शंका.

शंका अशी की, शिडी चढून गेल्यावर खालच्या पायरीचे काय होते? ज्या माणसामुळे मला प्रथम सौंदर्य दिसले, तो माणूस पायरी ठरला. वर गेल्यावर पायरीची गरज काय? दिओतिमा तर सांगते की अनेकांतले सौंदर्य दिसू लागले म्हणजे त्या एकाविषयीचा आवेग सैल पडतो, ती गोष्ट क्षुल्लक वाटू लागते. मग ज्याच्यावर प्रेम केले तो माणूस होता की जिन्याचे लाकूड?

ही शंका माझ्या आधी अनेकांनी काढली आहे, आणि गंमत म्हणजे पहिल्याने ती प्लेटोनेच काढली. सॉक्रेटिसचे बोलणे संपते न संपते तोच दारावर धडका बसतात. अल्सिबायाडीज नावाचा देखणा, लाडावलेला सरदार झिंगून आत येतो. डोक्यावर पानाफुलांची माळ. त्याला म्हणतात, तूही प्रेमाची स्तुती कर. तो म्हणतो, मी स्तुती करीन ती या सॉक्रेटिसची. मग तो सांगत सुटतो. हा बाहेरून कुरूप, पण आत देवांच्या मूर्ती असलेल्या डबीसारखा आहे. याने लढाईत माझा प्राण वाचवला. मी याला माझ्या रूपाने जिंकायला गेलो, एका पांघरुणाखाली रात्र काढली, आणि सकाळी उठलो तो बापाजवळ किंवा थोरल्या भावाजवळ निजून उठावे तसा. त्याच्या बोलण्यात शिडी नाही, सिद्धान्त नाही. एकच माणूस आहे, ज्याच्यासारखा दुसरा नाही असे तो म्हणतो. प्लेटोने शेवटचे भाषण या माणसाला दिले आहे. पूर्वपक्ष मांडून तो गप्प राहिला, असे मला वाटते.

उत्तर मात्र आपल्याला शोधायचे आहे, कारण हा प्रश्न पुस्तकातला नाही. तो माझ्यापुढे कसा उभा राहिला ते सांगतो.

माझ्याबरोबर बत्तीस वर्षे पखवाज वाजवणारा एक सोबती आहे. आम्ही किती गावे पालथी घातली त्याची मोजदाद नाही. कीर्तनाआधी तो धुमेला कणीक लावत बसे. ती कमी-जास्त झाली यावरून आमचे भांडण ठरलेले. चालीवर मी कुठे थांबणार, हे माझ्या आधी त्याच्या हाताला कळायचे. चार वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बोलतो ते समजत नाही, आणि आपण बोललेले त्याला किती समजते तेही सांगता येत नाही. दर गुरुवारी मी एसटीने त्याच्या गावी जातो. त्याचा मुलगा आणि मी मिळून त्याला अंघोळ घालतो, मी त्याची दाढी करतो, पेज भरवतो, थोडे नाम घेतो आणि परततो.

एकदा त्याच्या सुनेने विचारले. बिचारी थकलेली असते. तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हते. म्हणाली, “बुवा, आता यांचं वाजवणं संपलं, बोलणंही होत नाही. तुम्ही एवढ्या लांबून कशासाठी येता?”

प्रश्न नेमका होता. मला त्याचा हात आवडत होता, त्याचे लयीचे ज्ञान आवडत होते, मुक्कामी रात्री रंगणारे त्याचे बोलणे आवडत होते. ते सगळे गेले. प्लेटोच्या हिशेबाने मला आता दुसऱ्या चांगल्या वादकाकडे वळायला हवे, किंवा लयीच्याच चिंतनात रमायला हवे. सौंदर्य तिथे आहे. इथे उरला आहे तो एक लुळा देह. मग मी जातो ते कशासाठी?

एसटीत बसल्यावर नारदांची भक्तिसूत्रे आठवली. प्रेमाचे स्वरूप सांगताना नारदांनी पहिल्याने हेच सांगितले की ते गुणांवर अवलंबून नाही. कामना त्यात नाही, आणि ते क्षणोक्षणी वाढते. शिकताना आम्ही हे देवाविषयी म्हणून घोकले होते. देव निर्गुण, तेव्हा त्याच्यावरचे प्रेमही गुणांवाचून, असा सोपा अन्वय लावून पुढे गेलो होतो. पण गुण गेलेल्या माणसाची दाढी करताना त्या सूत्राचा अर्थ वेगळा लागतो.

न्यायशास्त्रातला एक भेद इथे उपयोगी पडतो. मडक्याला दोन कारणे. माती हे उपादान आणि कुंभार हे निमित्त. माती काढून घेतली तर मडके राहत नाही. पण कुंभार घरी गेला, गाव सोडून गेला, मेला, तरी मडके राहते. आता सांगा, माणसाचे गुण हे प्रेमाची माती आहेत की प्रेमाचा कुंभार? दिओतिमेने त्यांना माती मानले, म्हणून जिथे गुण अधिक तिथे प्रेम जाणारच. नारदांच्या मते गुण हे निमित्त. त्याच्या हाताच्या निमित्ताने माझा जीव त्याच्यावर जडला. हात गेला, जडलेले राहिले. हे माझे मोठेपण नव्हे. ज्या आयांची मुले मतिमंद आहेत, ज्या बायकांचे नवरे वर्षानुवर्षे अंथरुणावर आहेत, त्यांना हा भेद कुणी न शिकवता ठाऊक असतो.

आणखी एक पाहा. आमच्या या स्नेहात देहाचा विचार बत्तीस वर्षांत कधी आला नाही. आज मात्र आमच्यात देहाशिवाय काही उरलेले नाही. पाठ घासणे, नखे काढणे, कूस बदलणे. आजचा तो शब्द याला काय म्हणेल? देह नाही म्हणून ‘प्लेटॉनिक’ म्हणावे, तर इथे सगळा देहच आहे! म्हणजे देह असणे-नसणे ही कसोटीच नव्हे. देह भोगाला धरला की सेवेला, हा खरा प्रश्न आहे.

भागवताच्या दशम स्कंधात याचा दृष्टान्त आहे. देवाने उद्धवाला गोकुळात पाठवले. उद्धव मोठा ज्ञानी. त्याच्याजवळ निरोप असा की, मी सर्वांचा आत्मा आहे, तेव्हा तुमचा-माझा वियोग कधी नाहीच. दिओतिमेच्या सर्वांत वरच्या पायरीवरून आलेला निरोप म्हणा ना! निरोप खरा होता. गोपींनी तो ऐकला, त्यांना धीरही आला. पण त्यांचे डोळे काही त्या एकावरून हलले नाहीत. त्याचे चालणे, हसणे, त्याने जिथे गाई चारल्या त्या जागा, हेच त्या सांगत राहिल्या. उद्धव काही महिने तिथे राहिला आणि शिकवायला आलेला तो शिकून गेला. जाताना त्याने मागणे काय मागितले? या वृंदावनात मला एखादे झुडूप, वेल, गवत व्हायला मिळावे, म्हणजे यांच्या पायांची धूळ माझ्यावर पडेल. ज्ञानाने वर गेलेला माणूस प्रेम कळल्यावर पायांखालची जागा मागतो. एवढे ध्यानात ठेवा; पुढे लागणार आहे.

आता पुन्हा नामदेवांकडे येऊ. विसोबांकडून परतलेले नामदेव देव सगळीकडे आहे हे जाणून होते. मग त्यांनी पंढरी सोडली का? नाही. उलट ज्ञानोबारायांबरोबर तीर्थयात्रेला निघताना त्यांचे पाऊल निघेना, आणि विठ्ठलाने त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, अशी तीर्थावळीची कथा आहे. आणि शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबारायांनी समाधी घेतली, तेव्हा नामदेव कसे रडले ते त्यांच्या समाधीच्या अभंगांत आहे. आत्मा अमर आहे हे काय नामदेवांना ठाऊक नव्हते? ज्याने गीतेवर टीका लिहिली तोच समोर बसला होता! तरी ते रडले, आणि सांप्रदायिकांनी ते रडणे कच्चेपणाचे मानले नाही. ते रडणे सातशे वर्षे आपण कीर्तनांत गातो आहोत. म्हणजे मडके पक्के झाल्याची खूण डोळे कोरडे होण्यात नाही.

पुढे नामदेव चौपन्न वर्षे जगले. पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या एकसष्ट रचना आहेत. प्रेम असे एका गावातून निघून कुठवर पसरले! पण पसरताना एकालाही मागे टाकले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा मजुरांसह गाडले गेले. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातल्या अस्थींतून चोखोबांच्या अस्थी त्यांनी ओळखल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे परंपरा सांगते. त्या त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. सज्जनहो, विचार करा. जिवंतपणी ज्या देहाची सावली लोकांना नको होती, त्या देहाची हाडे एक मित्र वेचतो आहे. ‘देहापलीकडचे प्रेम’ म्हणतात ते हे. ते देहापलीकडे गेले होते, म्हणून तर त्याला त्या हाडांचा विटाळ झाला नाही. आणि देह तुच्छ मानणारे ते नव्हते, म्हणून तर तो ढिगाऱ्याशी बसला.

आणि अखेर? १३५० साली नामदेवांनी समाधी घेतली ती त्याच महाद्वारात, देवळाच्या पायरीशी. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, एवढीच इच्छा. उद्धवाने मागितले ते नामदेवांना मिळाले.

आता शंकेचे समाधान करता येईल. प्लेटोच्या शिडीत मी चढणारा आणि माझा जिवलग पायरी. नामदेवांनी तो क्रम उलटा केला: चढणारे तुम्ही, पायरी मी. प्रेमाला चढण आहे हे प्लेटोचे म्हणणे खरे; जे प्रेम माणसाला आहे तिथेच ठेवते, किंवा खाली ओढते, त्याला मोह म्हणतात. पण चढायला मिळावे म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देण्याची गरज नाही. जो दुसऱ्याच्या चढण्यासाठी वाकतो, तोही वरच असतो. त्याला वेगळे चढावे लागत नाही.

प्लेटोवर अन्याय नको, म्हणून आणखी एक सांगतो. त्याचा ‘फीडो’ नावाचा दुसरा संवाद आहे. सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ साली विष देऊन मारले, त्या दिवसाची ती हकीकत. दिवसभर विषय एकच, आत्मा अमर आहे की नाही. त्या गंभीर बोलण्यात सॉक्रेटिस खाली बसलेल्या तरुण फीडोच्या केसांवरून हात फिरवतो, आणि उद्या हे सुंदर केस तू दुःखाने कापशील, अशा अर्थाचे काही बोलतो. देहाचे काहीच महत्त्व नाही असे दिवसभर सांगणारा गुरू शिष्याच्या केसांतून हात फिरवतो आहे! प्लेटो त्या दिवशी आजारी होता, हजर नव्हता, असे त्याच संवादात आहे. तरी तो हात त्याने लिहून ठेवला. त्याचा सिद्धान्त काहीही असो, त्याला माहीत होते असे मला वाटते.

आता व्यवहाराचे बोलू, कारण वाचक विचारतील, “बुवा, हे संतांचे झाले. आमचे काय?” परवा एका गावी असाच विषय निघाला होता. हरिपाठ संपल्यावर एक विधुर आजोबा आणि एक विधवा आजी देवळाच्या ओट्यावर अर्धा तास बोलत बसतात. गावात कुजबूज. तो दाखल्याचा शब्दही तिथे कुणी वापरला. मला विचारले, तेव्हा मी दाखला दिला नाही आणि दोषही दिला नाही. तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहितो.

पहिली, जो स्नेह उजेडात बसू शकतो, त्याला शब्दाच्या दाखल्याची गरज नाही. ती दोघे ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत बसतात. यातच सगळे आले. पण ज्याला घरच्या माणसापासून लपावे लागते, त्याने प्लेटोला मध्ये घालू नये. देह नाही, म्हणून फसवणूक नाही, असे होत नाही. घरात नवऱ्याशी अबोला आणि सगळे मन बाहेर कुणाजवळ तरी मोकळे, यात देह नसेल, पण घरच्याची वंचना आहे. बहिणाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तुकोबारायांना गुरू मानले म्हणून घरी त्यांचा छळ झाला. तो त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. त्यांनी गुरूही सोडला नाही आणि संसारही टाकला नाही. लपवले तर काहीच नाही.

दुसरी, कुणाच्या सुखाने सुख होते ते पाहावे. नारदांनी इथेही रेघ ओढून दिली आहे. प्रियाच्या सुखात सुख नसेल तर ते प्रेम गोपींचे नव्हे, जाराचे. तो शब्द कठोर आहे, पण त्याचा रोख देहावर नाही, स्वार्थावर आहे. ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलली की ज्याचा चेहरा उतरतो, त्याने तिचा हातही कधी धरला नसेल, तरी नारद त्याला गोपींच्या रांगेत बसू देणार नाहीत. आणि नवरा-बायकोच्या संसारात देह आहे, म्हणून ते प्रेम खालचे असेही नाही. एकनाथ महाराज प्रपंचात होते, तुकोबाराय प्रपंचात होते.

तिसरी, निमित्त गेल्यावर काय उरते ते पाहावे. रूप जाईल, आवाज जाईल, विनोद जाईल, ओळखही जाईल. तेव्हा तुम्ही जाल का? हे आधी कळत नाही, वेळ आल्यावरच कळते. पण प्रश्न आधीपासून मनात असावा.

आणि गावाला चौथी. दोन म्हातारी माणसे एकमेकांशी चार शब्द बोलतात, त्याची राखण करण्यापेक्षा आपल्या घरातल्या म्हाताऱ्याशी कुणी बोलते का, ते पाहावे. पसायदानात माउलींनी सगळ्या जिवांसाठी मैत्री मागितली आहे. त्या मागण्यात वयाची, जातीची, स्त्री-पुरुषाची अट नाही.

सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या गुरुवारी दिले. न्यायशास्त्र काढले नाही. म्हणालो, “बाई, इतकी वर्षं माझं कीर्तन त्याच्या हातांवर उभं होतं. आता थोडं त्याने माझ्या हातांवर पडून राहावं.” ती काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.

आषाढी येते आहे. ज्यांचे पाय चालतात ते वारीला जातील. माझ्यासारखे घरूनच कळसाला हात जोडतील. तुम्ही महाद्वारात पोहोचाल तेव्हा घाई असेल, रेटा असेल. तरी एक पाहून ठेवा. देवळाला पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि पायरीवर पाय द्यायचा असतो. पण त्या एका पायरीवर लाखांच्या गर्दीतला कुणीही पाय देत नाही. तिथे डोके टेकतात, आणि तिला ओलांडून देवाकडे जातात. जाताना तुम्हीही टेका. ज्याच्या आधाराने तुम्ही इथवर आलात, असे एखादे माणूस तुमच्याही आयुष्यात असेल. त्याचे नाव त्या वेळी मनात घ्या, आणि परत आल्यावर त्याच्याकडे जाऊन या.

रामकृष्ण हरी.